तीन टॉवर बदलले तेव्हा कुठे पहिला ग्लास नीट भरला

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू एका टॉवरचा नाहीये, तीन टॉवरचा आहे. एक रेडिमेड स्वस्तातला, एक मी स्वतः पाइप कापून केलेला, आणि एक सध्या फ्रीजवर उभा आहे तो. केगरेटर ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, साधा फ्रीज, आत बिअरचा केग म्हणजे बिअरची धातूची टाकी आणि कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर, आणि बिअर ओतायला डोक्यावर किंवा दारात नळ, बस एवढंच. डोक्यावरचा नळ ज्या खांबाला असतो तो टॉवर. सगळे जण केग, गॅसचं प्रेशर ठरवणारा रेग्युलेटर, फ्रीज यावर महिनाभर डोकं लावतात आणि टॉवर मात्र फोटोत कुठला भारी दिसतो त्यावर घेतात, मीपण तेच केलं, आणि मग दोन महिने रोजचा पहिला ग्लास सिंकमध्ये ओतत बसलो.

पहिला टॉवर ३ इंची गोल, सिंगल टॅप, वरून चकाचक क्रोम. बॉक्समधून काढला तेव्हा बायको पण म्हणाली की बाबा हे खरंच बारसारखं दिसतंय. दिसायचंच. पण टॅप उघडला की ग्लासात पाऊण फेस आणि खाली दोन बोटं बिअर. दुसरा ग्लास बरा यायचा, तिसरा एकदम झकास, आणि अर्धा तास गप्पा मारून परत गेलो की पुन्हा फेस. मी आधी प्रेशर कमी केलं, मग वाढवलं, मग केगलाच शिव्या घातल्या. नाचता येईना अंगण वाकडं.

भानगड साधी होती पण मला उशिरा कळली. टॉवर म्हणजे फ्रीजने बाहेर काढलेली मान आहे. केग आत ३-४ डिग्रीला मजेत बसलाय, पण टॉवर खोलीच्या हवेत उभा, आतून पोकळ, आणि त्याच्या टोकाला असलेला नळ आणि नळामागची आट्यांची नळी, जिला शँक म्हणतात, ती खोलीइतकीच गरम. बिअर थंड आहे तोवर गॅस तिच्यात विरघळून राहतो, गरम धातूला लागली की गॅस सुटतो, आणि एकदा बुडबुडे सुटले की ते मागून येणाऱ्या चांगल्या बिअरलाही फेसाळवतात. गंमत म्हणजे ३/१६ इंची लाइनमध्ये, म्हणजे केगपासून नळापर्यंत बिअर आणणाऱ्या बारीक नळीत, मीटरला जेमतेम १८ मिली बिअर मावते, म्हणजे टॉवरच्या फूटभर लाइनमध्ये चमचाभरच गरम बिअर असते. तेवढ्याने ग्लास बिघडायला नको. बिघडवतो तो धातू, तो थंड होईपर्यंत अख्खा ग्लास त्याच्या अंगावरून जातो. म्हणून कोणी विचारलं की माझ्याकडे फेस येतो काय करू, तर मी पहिलं हेच विचारतो की सगळे ग्लास फेसाळतात का फक्त पहिला. फक्त पहिला असेल तर टॉवर गरम आहे. सगळेच असतील तर प्रेशर नाहीतर लाइनची लांबी, टॉवरला उगाच दोष देऊ नका.

लाइनचं आत्ताच सांगून टाकतो कारण टॉवरबरोबर जी लाइन येते तिच्यात बरेच जण फसतात. माझ्या पहिल्या टॉवरबरोबर ५ फूट आली होती. साधारण ३ डिग्रीला १२ पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक) ठेवलं तर बिअरमध्ये अडीच व्हॉल्यूमच्या आसपास, म्हणजे बिअरच्या अडीचपट आकारमानाचा, गॅस राहतो, हे बहुतेक बिअरला चालतं. आता ते १२ पीएसआय नळापर्यंत येईतो लाइनने खाऊन टाकायला हवं, नाहीतर बिअर फवाऱ्यासारखी येते. विकणारे सांगतात ३/१६ ची व्हिनाइल लाइन फुटाला ३ पीएसआय खाते. त्या हिशोबाने ४ फूट पुरे. प्रत्यक्षात घरी त्यापेक्षा बरंच कमी खाते असा माझा अनुभव, नळ केगच्या वर असतो त्या उंचीत जेमतेम १ पीएसआय जातो, आणि मी ५ वरून ९ फुटावर गेलो तेव्हा ओतणं माणसात आलं. लांब लाइनने फार तर ग्लास भरायला दोन सेकंद जास्त लागतात, त्याने कोणाचं काही बिघडत नाही. आखूड लाइनने मात्र बिघडतं. आणि पाव इंची लाइन घरच्या फ्रीजमध्ये लावूच नका, ती फुटाला १ पीएसआय पण खात नाही, खोलीभर वेटोळं करावं लागेल.

पहिल्या टॉवरची खरी तक्रार पण फेसाची नाहीच, फेस कुठल्याही रिकाम्या टॉवरला येणार. तक्रार आहे पितळेची. लिहिलं होतं क्रोम फिनिश, मी समजलो स्टील. चार-पाच महिन्यांनी नळ धुवायला काढला, टॉर्च मारून आत बघितलं तर तोंडाशी क्रोम उडालेला आणि खालचं पिवळं पितळ उघडं. बिअर आंबट असते, ती पितळ हळूहळू चाटते आणि त्याची चव ग्लासात उतरते. मला वाटत होतं माझी घरी केलेली बिअरच गंडतेय, दोन बॅच मी उगाच पाण्याला दोष दिला. त्यामुळे आता नियम एकच, बिअरला जे जे लागतं, नळ, शँक, लाइन जिथे खोचतात तो छोटा तुकडा, हे सगळं ३०४ स्टेनलेस (स्टेनलेस स्टीलचा एक दर्जा) पाहिजे. टॉवरचं बाहेरचं अंग पत्र्याचं असो, लाकडाचं असो, प्लास्टिकचं असो, बिअरला त्याच्याशी काही घेणंदेणं नाही. विकणारे नेमकं उलटं करतात, बाहेरून स्टेनलेस आणि आत पितळी शँक, आणि वर मोठ्या अक्षरात स्टेनलेस टॉवर. विचारताना टॉवर स्टीलचा आहे का असं विचारायचंच नाही, शँक कशाचा आहे ते विचारायचं, समोरचा जरा थांबला की समजून जा.

त्या नळाची अजून एक गंमत. आठवडाभर बाहेर गेलो, परत येऊन दांडा ओढला तर हलेना. जोर लावला तर अख्खा टॉवर फिरला, नळ तसाच. झालं असं की साध्या नळात बिअर मागच्या बाजूला अडते, म्हणजे बंद केल्यावर पुढच्या पोटात थोडी उरते, हवा लागून वाळते आणि गुळासारखी चिकटून बसते, आणि चिलटं येतात ती वेगळीच. पुढून बंद होणारे नळ मिळतात, फॉरवर्ड सीलिंग म्हणतात, पर्लिकचे यात फार जुने आणि नावाजलेले आहेत, इंटरटॅप आणि नुकाटॅप पण त्याच जातीतले. त्यात बिअर अगदी तोंडापर्यंत भरलेली राहते, आत हवा शिरत नाही, त्यामुळे चिकटत नाही. टॉवर कुठलाही घ्या पण नळ असला घ्या, पैसे वाचवायचेच असतील तर खांबात वाचवा. फक्त आटे बघून घ्या. अमेरिकन पद्धतीचे शँक आणि युरोपातले ५/८ बीएसपी (ब्रिटिश मापाच्या) आट्यांचे नळ एकमेकांना बसत नाहीत. बळजबरी केली तर आटे जातात, माझ्या एका दोस्ताचे गेले.

आणि नळ काढताना जी रिंग फिरवायची असते ती उलटी फिरते बरं का. हुक पाना लावून समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटते. मी तासभर दुसऱ्या बाजूला जोर लावून ती अजून आवळत होतो, मेव्हणा बाजूला उभा राहून बघत होता आणि शेवटी म्हणाला, भावजी, एकदा इकडे पण फिरवून बघा की. सुटली एका झटक्यात. त्यानंतर तो येईल तेव्हा हे सगळ्यांना सांगतो.

तर पहिला टॉवर काढला आणि म्हटलं आता आपणच करू. दुसरा टॉवर घरी केला, ४ इंची पीव्हीसी पाइपचा. मुद्दाम ४ इंची, कारण ३ इंचीमध्ये लाइन, इन्सुलेशन आणि थंड हवेची नळी (ती पुढे येते) हे तिन्ही कोंबताना दम निघतो. उंची किती ठेवायची यात मात्र माझं गणित चुकलं. मी दिसायला छान म्हणून उंच केला, नळाचं तोंड ट्रेपासून १४ इंचावर. ग्लास हातात धरून ओतताना चालतं पण जेवढा उंच तेवढा जास्त धातू आणि जास्त लाइन फ्रीजच्या बाहेर. सगळ्यात उंच ग्लास ट्रेवर उभा ठेवून वर दोन-तीन इंच मोकळे राहिले की पुरे, त्याच्यावर प्रत्येक इंच म्हणजे नुसता शो.

भोक पाडणं हा वेगळाच अध्याय. टॉवरला नाही, फ्रीजला. फ्रीजच्या वरच्या पत्र्याखालून फ्रीज थंड करणाऱ्या गॅसच्या नळ्या जात असू शकतात, ड्रिल लागला की फ्रीज भंगारात. शिवाय आजकालच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन असतो, तो पेटतो, त्यामुळे हा प्रकार नुसता नुकसानीचा नाही, अंगावर येणारा आहे. मी केलं ते असं, कॉर्नफ्लॉवर आणि स्पिरिट कालवून पातळ पेस्ट केली आणि फ्रीजच्या डोक्यावर हाताने सारवली, थर्मोस्टॅट फुल करून कॉम्प्रेसर चालू ठेवला. पाचेक मिनिटांत जिथून गरम नळी जात होती तिथे पेस्ट आधी वाळली आणि पांढऱ्या रेघा उमटल्या, पाटीवर खडूने ओढल्यासारख्या. बघत बसावं असा प्रकार आहे. माझ्या फ्रीजला मागच्या बाजूला वेलांटी घेतलेली एक रेघ आली, मधला भाग कोरा. तरीसुद्धा फ्रीजचा प्लग काढून आधी होल सॉने, म्हणजे गोल भोक पाडायच्या करवतीने, फक्त वरचा पत्रा कापला, आतलं फोम स्क्रूड्रायव्हरने आणि बोटाने उकरून काढलं, काही लागत नाही बघितलं, आणि मगच आतलं प्लास्टिक कापलं. पूर्ण वेळ दारातला लाइट बंद होता तरी छातीत धडधड चालूच. ज्याला हे नको त्याने सरळ दारातून शँक काढावेत, टॉवरच नको, फेसाची कटकटच संपते कारण नळाची मागची बाजू थेट थंड हवेत. खरं सांगायचं तर शहाणपणाचा पर्याय तोच आहे, पण मला टॉवरच पाहिजे होता, हौसेला मोल नाही.

घरच्या टॉवरमध्ये दोन ठिकाणी फसलो. पाइप गोल, आणि शँकचा नट सपाट, त्यामुळे तो दोन कडांवरच टेकायचा आणि नळ ओढला की डुगडुगायचा. शेवटी त्याच पाइपच्या तुकड्यातून वाकडा वॉशर कापला, कानशीने घासला आणि आतबाहेर लावला, तेव्हा घट्ट बसला. दुसरं म्हणजे बूड. रेडिमेड टॉवरला खाली चार स्क्रूची चकती असते, मी प्लास्टिकची चकती चिकटवली आणि ती थेट फ्रीजच्या पत्र्यावर ठोकली. नळाचा दांडा दिवसातून पाच-सात वेळा पुढे ओढला जातो, पातळ पत्रा किती सहन करणार, महिन्याभरात टॉवर पुढे वाकून नमस्कार करायला लागला. खाली प्लायवुडची फळी टाकायला हवी होती. तिसऱ्याला टाकली.

पण याच घरच्या टॉवरने मला सगळ्यात जास्त शिकवलं, कारण त्यात जागा होती आणि प्रयोग करता आले. फ्रीज ३ डिग्रीला ठेवून टॉवरमध्ये शँकच्या मागे थर्मामीटरची वायर ठेवली तर १९ डिग्री. मग आतून फोम गुंडाळला, झाले १७, म्हणजे नुसत्या इन्सुलेशनने फारसं काही होत नाही, ते गरमी अडवतं पण थंडी कोण आणणार. मग तांब्याची नळी, लाइन तिच्यातून ओवायची आणि नळीचं खालचं टोक फ्रीजमध्ये लोंबकळत ठेवायचं, तांबं स्टेनलेसपेक्षा पंचवीसेक पट चांगली उष्णता वाहतं त्यामुळे थंडी वर चढते. ११ वर आलं. वाईट नाही, विजेची भानगड नाही, आवाज नाही, ज्याला दिवसाला दोनच ग्लास प्यायचेत त्याला पुरे. मग जुन्या राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर आणि कॉम्प्युटरमधला ५० मिमीचा ब्लोअर फ्रीजमध्ये लावला, त्याच्या तोंडाला पाऊण इंची मऊ पाइप, आणि तो पाइप टॉवरमध्ये अगदी वरपर्यंत, शँकच्या बुडाशी. अर्ध्या तासात ६ डिग्री. पहिला ग्लास ओतला, वर दीड बोट फेस आणि खाली बिअर. मी एकटाच होतो घरी, दाखवायला कोणी नाही, तसाच उभ्याने प्यायलो.

ब्लोअरमध्ये एक चूक सगळे करतात, पाइप टॉवरच्या बुडाशीच सोडून देतात. थंड हवा जड, ती वर जातच नाही, तिथल्या तिथे खाली पडते. पाइप वर न्यायचा आणि उरलेल्या फटीतून हवा परत खाली यायला वाट ठेवायची, भोक फोमने गच्च बुजवलं तर पंखा नुसता गुरगुरतो. म्हणून फ्रीजचं भोक कमीत कमी २ इंची, जमलं तर अडीच.

या सगळ्यानंतर तिसरा घेतला, आणि रिव्ह्यू म्हणाल तर खरा याचाच. ३०४ स्टेनलेस, ३ इंची, दोन टॅपचा, शँकपण ३०४, आतून फोमचं अस्तर आधीच लावलेलं, आणि नळ मी वेगळे घेतले फॉरवर्ड सीलिंगवाले. वजनाला चांगला भरतो, खाली रबरी गॅस्केट येतं, चकतीची भोकं सरळ पाडलेली आहेत, हे सांगावं लागतं कारण पहिल्याची तिरकी होती. अस्तर मात्र मला थोडं कापावं लागलं, हवेचा पाइप जाईना. दोन लाइन, एक पाइप, आणि ३ इंचाची जागा, व्हिनाइल लाइन वळणावर चिमटायची, मग मी ४ मिमी आतल्या व्यासाची ती कडक ईव्हीए प्लास्टिकची लाइन घेतली, पुश फिट म्हणजे नुसती खोचायच्या कनेक्टरची, बाहेरून ८ मिमीच असते, कमी जागेत मावते आणि प्लास्टिकचा वास येत नाही. टोक मात्र सरळ कापा, तिरकं कापलं की कनेक्टर थेंब थेंब गळतो. गॅसच्या बाजूचे सगळे जोड साबणाच्या पाण्याने बघून घ्या हे वेगळं सांगायला नको, जोड गळत असेल तर सिलिंडर एका रात्रीत रिकामा होतो आणि बंद खोलीत एवढा गॅस साचणं चांगलं पण नाही.

दुसऱ्या टॅपवर मी सोडा लावलाय, नुसतं गॅसचं पाणी, आणि घरात बिअरपेक्षा तोच जास्त चालतो. त्यात पण शिकायला मिळालं. सोड्याला ३० पीएसआयच्या आसपास प्रेशर लागतं, त्यामुळे बिअरच्याच लांबीची लाइन लावली तर पाणी पाइपने आग विझवल्यासारखं येतं. एकतर लाइन भरपूर लांब करा नाहीतर त्या टॅपला फ्लो कंट्रोलवाला नळ लावा, बाजूला छोटी दांडी असते तिने धार कमी करता येते. मी दांडीवाला लावला. दोन टॅप घेणार असाल तर रेग्युलेटर पण दोन प्रेशर देणारा लागतो, हा खर्च टॉवर घेताना कोणाच्या डोक्यात नसतो. आणि एकच केग मावणाऱ्या फ्रीजवर दोन टॅपचा टॉवर लावू नका, १९ लिटरचे दोन उंच केग शेजारी शेजारी उभे राहतात का ते आधी पुठ्ठा कापून बघा, कॉम्प्रेसरची पायरी आडवी येते.

धुणं. बारवाल्यांना १४ दिवसांनी लाइन धुवायला सांगतात, २ टक्क्यांच्या आसपासचं कॉस्टिक लाइनमधून १५ मिनिटं फिरवायचं आणि मग भरपूर पाणी, आणि तीन महिन्यांनी एकदा अॅसिड, कारण कॅल्शियम ऑक्झलेटची खर बसते ती कॉस्टिकला जुमानत नाही. हातमोजे आणि चष्मा घालूनच. घरी मी केग बदलला की धुतो, म्हणजे कधी १५ दिवस कधी महिना, हे बरोबर नाही माहितीये. टॉवर घेताना मात्र बघा की वरचं टोपण उघडतं का. माझ्या तिसऱ्याचं उघडतं, लाइन बदलायला वरून हात घालता येतो. पहिल्याचं नुसतं चिकटवलेलं होतं, लाइन बदलायची तर अख्खा टॉवर उपटा.

पहिल्याला दीड स्टार, तेही दिसण्यासाठी. घरच्या पीव्हीसीवाल्याला मी चार दिले असते पण तो शेवटी इतका वाकला की मेव्हणा त्याला म्हातारा म्हणायला लागला, तर तीन. तिसऱ्याला साडेचार. अर्धा स्टार कापला तो घामासाठी. आतून थंड हवा लागली की दमट दिवसात टॉवर बाहेरून घामेजतो, थेंब ओघळून बुडाशी जमतात आणि गॅस्केटखालून प्लायवुडमध्ये मुरतात, फळीची एक कड आत्ताच फुगलीये. ब्लोअरला टायमर लावून रात्री बंद ठेवून बघितलं, घाम थांबला पण सकाळी पहिला सोडा नुसता फुसफुसला आणि त्यावरून बोलणी खाल्ली. आता बुडाला सिलिकॉन भरून बघणार आहे, फळी वाळली की.